अकरा दिव्यांची वीज

त्या वस्तीला सगळे बशी म्हणायचे. कागदावर तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त टपालवाल्याला ठाऊक. चारी बाजूंनी रस्ते उतरत यायचे आणि मधल्या खोलगट जागेत पावणेदोनशे घरं, एकमेकांना खेटून. वरच्या अंगाला मोठी कॉलनी. कॉलनीतले लोक सकाळी आंघोळी करायचे, गाड्या धुवायचे, आणि ते सगळं पाणी गटारातून घरंगळत बशीत यायचं. पाऊस असो नाही तर कडक ऊन, सकाळी सातला पाणी हजर. ते उपसून पलीकडच्या नाल्यात फेकायला महापालिकेनं तिथं एक पंप बसवला होता, साडेसात घोड्यांचा. आणि पंपावर एक माणूस.

त्या माणसाला पंपमामा म्हणायचे. सव्वीस वर्षं त्याच पंपावर. मान जाड, कान थोडे मंद, आणि पंपाच्या आवाजावर ओरडून ओरडून घसा असा बसलेला की प्रेमानं बोलला तरी भांडतोय असं वाटायचं. पंपाच्या खोलीमागं दोन खोल्यांचं सरकारी घर, त्यात मामा, मामी आणि सून. मुलगा दुसऱ्या शहरात कामाला होता, महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा.

मामाला एका गोष्टीचा फार तोरा होता. सव्वीस वर्षांत बशीतून ऑफिसात एकही तक्रार गेली नव्हती. म्हणजे त्यानंच जाऊ दिली नव्हती. पंपाच्या भिंतीवर त्यानं स्वतःचा फोन नंबर रंगवला होता, हातभर उंच आकड्यांत, आणि नवा भाडेकरू आला की पहिला दम भरायचा.

“पाणी दिसलं की मला फोन. ऑफिसला करायचा नाही. ऑफिसला केलात तर ऑफिस मला पत्र पाठवणार, मी पत्राला उत्तर लिहीत बसणार, आणि तोवर पाणी तुमच्या उशाशी येणार. शिरलं डोक्यात?”

शिरलं. असं शिरलं की महापालिकेचा तक्रारीचा नंबर बशीत कुणाला सांगताच यायचा नाही.

सूनही महापालिकेतच होती, पण मामासारखी चिखलात नाही. ती माहिती कक्षात होती, कंत्राटावर. महापालिकेनं ठरवलं होतं की आपल्याकडे जी माहिती पडून आहे, कुठल्या गल्लीतून किती तक्रारी आल्या, कुठल्या मीटरवर किती वीज गेली, कुठं पाइप, कुठं पंप, ती सगळी उघडी करायची. कुणीही बघावी, आणि तिच्यावरून काम कुठं करायचं ते ठरवावं. शहर हुशार करायचं, असं वरचे साहेब म्हणायचे. सून ती माहिती गोळा करून तिचा नकाशा करायची. जिथं त्रास तिथं लाल, थोडा त्रास तिथं पिवळा, सगळं ठीक तिथं हिरवा.

“माझी सून अख्ख्या शहराचा नकाशा काढते,” मामा न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगायचा. “डोक्यानं. हातात पट्टीसुद्धा लागत नाही.”

“डोकं हलवू नका,” न्हावी म्हणायचा. “माझ्या हातात वस्तरा आहे.”

तर एका मंगळवारी वॉर्ड ऑफिसात बैठक लागली. सगळ्या पंपांवरची माणसं बोलावली होती. मामा धुतलेला शर्ट घालून गेला, पुढच्या रांगेत बसला, कारण नकाशा सून दाखवणार होती. भिंतीवर शहर उमटलं. लाल ठिपके, पिवळे ठिपके. वरची कॉलनी लालभडक. आणि तिच्याखाली बशी. हिरवीगार, पालेभाजीसारखी.

मामा खूश झाला. शेजारच्या पंपवाल्याला कोपरानं ढोसलं.

वॉर्डाचा साहेब उठला. माणूस वाईट नव्हता, सतत घाईत असायचा एवढंच. “हा पंप बघा,” तो म्हणाला. “क्रमांक चौदा. या भागातून एक तक्रार नाही. आणि पंपाचं मीटर चार वर्षं शून्यावर आहे. एक युनिट वीज खाल्लेली नाही. म्हणजे तिथं पंप लागतच नाही. वर कॉलनीत चारशे बारा तक्रारी आहेत, गाड्या लावायच्या तळघरात पाणी साचतं. चौदा नंबर उचलायचा आणि वर बसवायचा. सोमवारी समितीपुढे ठेवतो.”

मामाचं कोपर जागच्या जागी थिजलं.

“साहेब,” सून म्हणाली, “हा पंप चालतो. मी रोज ऐकते. आमच्या भिंतीपलीकडेच आहे.”

चौदा नंबर म्हणजे आपलाच पंप, हे तिलाही तिथं उभ्या उभ्याच कळलं होतं. नकाशात पंपाला घर नसतं, क्रमांक असतो.

“मॅडम, ऐकलेलं धरायचं नाही, मोजलेलंच धरायचं, हा नियम कुणाचा?” साहेबानं विचारलं.

“माझाच,” सून म्हणाली.

“मग? बरं, मामा, तुम्ही सांगा. चालतो का पंप?”

“चालतो की साहेब. रोज.”

“विजेशिवाय?”

मागून कुणीतरी म्हणालं, “मामा फुंकर मारत असतील.” सगळं सभागृह हसलं. साहेबसुद्धा हसला. मामानं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

कारण पंप कशावर चालतो ते त्याला ठाऊक होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी पंपाचं मीटर जळालं. मामानं नव्या मीटरसाठी अर्ज दिला. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर निघाला आणि वाटेत कुठंतरी मुक्कामाला राहिला. इकडे बशीत पाणी पोटरीपर्यंत. तेव्हाचा लाइनमन मामाचा जिवलग. त्यानं इकडे तिकडे बघितलं, गल्लीतल्या दिव्यांची पेटी उघडली आणि पंपाची वायर तिच्यात जोडून दिली.

“दोनच दिवस,” लाइनमन म्हणाला होता. “मीटर आलं की काढून टाकू.”

मीटर आलं नाही. लाइनमन मात्र पुढच्याच वर्षी छातीत कळ येऊन गेला. तो सुटला आणि वायर मामाच्या गळ्यात राहिली. तेव्हापासून बशीचा पंप रस्त्यावरच्या अकरा दिव्यांच्या विजेवर चालत होता. कायद्याच्या भाषेत याला चोरी म्हणतात. चोरी महापालिकेनं महापालिकेचीच केली होती, पण जोडणारा हात मामाच्या ओळखीचा आणि गप्प बसणारं तोंड मामाचं. आणि मामाला निवृत्त व्हायला चौदा महिने राहिले होते. नोकरीच्या पुस्तकात एक डाग नव्हता.

संध्याकाळी घरात तिघं जेवायला बसली.

“बाबा,” सून म्हणाली, “मीटर बंद आहे हे कळलं मला. पंप कशावर चालतो?”

“माझ्यावर,” मामा म्हणाला.

“मी नीट विचारतेय.”

“मीही नीटच सांगतोय. मी बटण दाबतो, तो चालतो.”

मामीनं पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला. “इतकी वर्षं संसार केला,” ती सुनेला म्हणाली, “मला सरळ उत्तर मिळालं नाही. तुला दोन वर्षांत कुठून मिळणार?”

“तू गप गं,” मामा म्हणाला आणि सुनेकडे वळला. “तुझा तो नकाशा लाल कसा करतात?”

“लाल करत नाहीत बाबा, तो होतो. तक्रारी आल्या की होतो.”

“मग झालं तर. तक्रारीच हव्यात ना? आणतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उपसून झालं, पंप थांबला, आणि मामा तक्रारी गोळा करायला निघाला. स्वतःविरुद्ध. आधी न्हाव्याकडे गेला.

“माझी तक्रार कर.”

न्हाव्यानं साबणाचा ब्रश हवेतच धरला. “काय झालं मामा? घरी भांडण?”

“पंपाची तक्रार. ऑफिसला. पाणी साचतं म्हण.”

“पण साचत नाही.”

“साचलं असतं ना, मी नसतो तर?”

“तुम्ही आहात ना पण.” न्हावी जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मामा, कुणी चौकशीला पाठवलंय का तुम्हाला? आमची परीक्षा बघताय? मी नाही असला माणूस. सव्वीस वर्षं तुम्ही पाणी काढलंत आणि मी तुमच्या नावानं ठणाणा करू?”

मामानं त्याला पंप जाणार हे सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा न्हाव्याला खरं वाटेना. मग न्हावी पेटला. हातातलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून त्यानं फोन काढला. “सांगा, किती तक्रारी पाहिजेत?”

तिथून मामा शिवणवालीकडे गेला. तिचं घर बशीच्या अगदी तळाला, उंबरा रस्त्याला टेकलेला. मशीन दारातच. आजूबाजूच्या शाळांचे गणवेश तीच शिवायची, त्यामुळं पाण्याचा एक थेंबही तिला परवडायचा नाही.

“दादा, मला खोटं लिहिता येत नाही,” ती म्हणाली. पायाखालचं मशीन थांबलं नव्हतं. “पाणी आलंच नाही तर आलं कसं लिहू?”

“अगं, पण पंप गेला की येणार.”

“मग तसं लिहिते. येणार असं लिहिते.”

“येणार चालत नसेल बहुतेक. आलं पाहिजे.”

“मग तुम्ही ते आणा आधी,” शिवणवाली म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

गिरणीवाल्यानं वेगळीच गोष्ट काढली. “करतो की तक्रार. पण पाण्याची कशाला? आमच्या दारातल्या त्या पिवळ्या कुत्र्याची करू का? खूप दिवस मनात आहे.”

तीन दिवस मामा दारोदार फिरला. आयुष्यभर ज्यांना ऑफिसला फोन करू नका म्हणून दटावलं, त्यांनाच आता फोन करा म्हणून विनवत होता. काहींना वाटलं मामाला उन्हाचं लागलं. एका म्हातारीनं तर त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि निवृत्ती जवळ आली की माणसाचं असं होतं म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी सून घरी आली. चप्पल काढायच्या आधी तिनं फोन काढला. “बाबा, बशीतून एकतीस तक्रारी आल्या.”

मामानं छाती पुढे काढली. “बघितलंस?”

“एकोणीस एकाच फोनवरून आल्या. न्हावीकाका. ऑफिसच्या मशीननं त्या सगळ्या मिळून एक धरली. आठ जणांनी लिहिलंय,” ती वाचायला लागली, “‘तक्रार काही नाही, मामा देवमाणूस आहे.’ ‘मामांना बढती द्या.’ ‘पंपाला तेलपाणी करावं, मामांना एकट्याला जड जातं.’ त्या कौतुकाच्या खात्यात गेल्या. एक कुत्र्याची आहे. दोघांनी नुसतंच नाव लिहून पाठवलंय.”

“आणि एकतिसावी?”

“शिवणवालीकाकूंची. ‘पाणी नाही. पंप नेला तर येईल.’ मशीननं ‘पाणी नाही’ एवढंच वाचलं, नळाचं समजून पाणीखात्याला पाठवली. त्यांनी नळ सोडून बघितला, पाणी आलं. तक्रार सुटली.”

मामी पदर तोंडाला लावून हसली. मामाला हसू आलं नाही.

“तू तुझ्या हातानं लाल कर ना,” तो म्हणाला. “एक ठिपका. कोण बघतंय?”

सुनेनं फोन खाली ठेवला. “उद्या कॉलनीतला एखादा येईल आणि म्हणेल, माझाही एक कर. मग तो नकाशा राहत नाही बाबा. ती रांगोळी होते.”

“म्हणजे बशी बुडाली तरी चालेल, नकाशा बुडता कामा नये.”

“असं नाही म्हटलं मी.” तिचा आवाज चढला नाही, पण ती उठून आतल्या खोलीत गेली. आणि मामा भिंतीकडे बघत बसला. पलीकडे पंप गार पडला होता.

शनिवारी सकाळी सातला पाणी आलं. मामा पंपाच्या खोलीत स्टुलावर बसला होता. बटण हाताच्या अंतरावर. त्यानं हात मांडीखाली घातले.

हिशोब साधा होता. खोटी तक्रार चालत नाही ना? मग खरी होऊ दे. एकच दिवस. पाणी घरात शिरलं की माणूस आपसूक ओरडतो.

खिडकीच्या गजांतून रस्ता दिसत होता. आधी गटाराच्या झाकणाभोवती ओल आली. मग झाकणाच्या भोकांतून साबणाचा फेस वर आला, कॉलनीच्या आंघोळींचा, वासाचा साबण. मग रस्ता चकाकायला लागला. पाणी सावकाश, काही घाई नसल्यासारखं शिवणवालीच्या उंबऱ्याकडे निघालं. त्यानं उंबरा ओलांडला.

शिवणवाली बाहेर आली. पायाकडे बघितलं, पंपाच्या खोलीकडे बघितलं. मामानं मान खाली घातली, पण कान लावून बसला. आता ती फोन काढेल. आता ओरडेल.

तिनं कपड्यांचे गठ्ठे पलंगावर टाकले. मशीन एकटीनं उचलून टेबलावर ठेवलं, कमरेला हात लावून क्षणभर वाकून उभी राहिली. आणि मग समोर ओरडली.

“अहो न्हावीभाऊ! दुकान सोडा आणि पळा आधी. दादांना काहीतरी झालंय. पंप लागला नाही.”

दोन मिनिटांत पंपाच्या दारात सात-आठ माणसं. पाण्यातून चालत आलेली, ढोपरापर्यंत भिजलेली. न्हाव्याच्या हातात तसाच टॉवेल. गिरणीवाला पिठानं पांढरा. कुणी पाण्याची बाटली आणलेली, कुणी म्हणतंय मामीला बोलवा, कुणी म्हणतंय रिक्षा बघा. शिवणवालीनं सरळ आत येऊन मामाच्या कपाळाला हात लावला.

“ताप नाही,” ती म्हणाली. “छातीत दुखतंय का दादा? खरं सांगा.”

“नाही,” मामा म्हणाला.

“मग?”

मामानं मांडीखालून हात काढला आणि बटण दाबलं. पंप खोकला, धडधडला, लागला. घड्याळात सात वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

“डोळा लागला,” मामा म्हणाला.

“लागू दे हो,” न्हावी म्हणाला. “माणूस आहे. सव्वीस वर्षांत एकदा लागला.”

सगळे हसत हसत आपापल्या घरचं पाणी काढायला गेले. एकानंही तक्रार केली नाही. शिवणवालीचे चाळीस गणवेश खालून भिजले होते, ते तिनं दिवसभर दोरीवर वाळत घातले. मामा त्या दोरीखालून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा दुसरीकडे बघत गेला.

दुपारी तो घरात आला तेव्हा सून टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. सुट्टी होती, तरी.

“बस इकडे,” मामा म्हणाला. ती बसलेलीच होती. मग तोच बसला. “मला एक सांगायचंय.”

“आधी हे बघा,” सून म्हणाली.

पडद्यावर एक रेघ होती. संध्याकाळी सातला थोडी वर चढायची, पहाटे खाली यायची. ते ठीक. पण सकाळी सातला ती परत उठायची, चांगली डोंगराएवढी, आणि नऊला खाली बसायची. रोज.

“ही आपल्या गल्लीतल्या दिव्यांच्या पेटीची वीज,” सून म्हणाली. “दर पाच मिनिटांची नोंद होते, आणि ती सगळ्यांसाठी उघडी आहे. अकरा दिवे. रात्री खातात त्याच्या पाचपट वीज दिवसा खातात. वर लोक आंघोळीला गेले की आपल्याकडे दिवे लागतात.”

मामा पडद्याजवळ सरकला.

“आणि आज,” तिनं बोट ठेवलं, “आज डोंगर सात पस्तीसला सुरू झाला.”

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“गुरुवारपासून.”

“आणि तू मला शुक्रवारपर्यंत दारोदार फिरू दिलंस!”

“तुम्ही मला सांगितलंत का? मी विचारलं तर म्हणालात, माझ्यावर चालतो.” ती थांबली. “बाबा, या रेघेनं एवढंच कळतं की दिवसा कुणीतरी दिव्यांची वीज घेतं. कोण घेतं ते कळत नाही. साहेब म्हणतील गिरणीवाला चोरतो. उद्या त्याच्या दारात पोलीस. ती वीज पंपाला जाते हे आकडा सांगू शकत नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्यानं सांगावं लागतं. तोंडी नाही, सहीनिशी.”

“सांगितलं तर काय होईल?”

“पंप रोज दोन तास चालतो हे सिद्ध होईल. मग तो हलवता येणार नाही.”

“माझं काय होईल विचारतोय.”

सुनेनं लॅपटॉप अर्धा मिटला. तिला खोटं बोलता यायचं नाही, घरातली ती एक अडचणच होती. “चौकशी लागेल. पंपावरून काढतील. नोकरीच्या पुस्तकात येईल. त्याच्यापुढं काय ते चौकशीवर.”

मामी दारात उभी राहून ऐकत होती. हातात धुवायला घेतलेली कढई तशीच.

“चौदा महिने राहिलेत,” ती म्हणाली. “चौदा महिने तोंड मिटून बसलास तर सुटशील. पंप गेला तर गेला. आपण काय जन्मभर बशीत राहणार आहोत?”

मामा वर बघत राहिला. “आज तिनं माझं कपाळ बघितलं,” तो म्हणाला.

“कुणी?”

“शिवणवालीनं. घरात पाणी शिरलं होतं आणि ती माझा ताप बघायला आली.”

मामीनं कढई खाली ठेवली. मग तीच म्हणाली, “चष्मा देऊ का? तुला लिहिताना दिसत नाही.”

सून लिहून देते म्हणाली, पण मामानं ऐकलं नाही. सातवीपर्यंतचं शिक्षण आणि हात बटणांची सवय असलेला. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर ओळी तिरप्या गेल्या तरी तो तसाच ठेवला. लाइनमनचं नाव घालायचं की नाही यावर तो थोडा अडला. मग त्यानं लिहिलं की वायर मी जोडली. मेलेल्या माणसाला चौकशीला कुठं बोलावणार, आणि बोलावलं तर तो येणारही नव्हता. शेवटी लिहिलं: ‘शनिवारी मी पंप मुद्दाम पस्तीस मिनिटं उशिरा लावला. दिव्यांच्या पेटीची त्या दिवसाची नोंद बघावी. तेवढाच उशीर तिथं दिसेल. म्हणजे ती वीज पंपालाच जाते.’ खाली सही.

सुनेनं कागद वाचला. “मुद्दाम हा शब्द काढला तरी चालेल,” ती म्हणाली.

“मोजलेलंच धरायचं म्हणतेस ना? मग ते मुद्दाम होतं.”

सोमवारी समिती बसली. मामाला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आत काय झालं ते सुनेनं नंतर सांगितलं. साहेबानं आधी रेघ बघितली, मग कागद वाचला, मग परत रेघ बघितली आणि सात पस्तीसवर पेन्सिल टेकवली. एका सदस्यानं विचारलं की चोरीचा माल पुरावा म्हणून घेता येतो का. दुसरा म्हणाला, आपलीच वीज, आपलाच पंप, चोरी कुणाची? तिसरा चहा कधी येणार म्हणाला. शेवटी साहेबच बोलला. पंप चौदा जागेवर राहील, त्याला तातडीनं नवं मीटर द्यावं. कॉलनीसाठी वेगळा पंप मागावा. आणि पंपचालकाला आजपासून पंपावरून दूर करून चौकशी लावावी.

साहेब बाहेर आला. मामा उठून उभा राहिला.

“चार वर्षं,” साहेब म्हणाला. “अहो मामा, एकदा येऊन सांगायचं होतं.”

“अर्ज दिला होता साहेब.”

“कुठं आहे तो?”

“ते तुमच्याच ऑफिसला ठाऊक.”

साहेब काहीतरी बोलणार होता, पण त्याचा फोन वाजला आणि तो घाईत निघून गेला.

मामाची नेमणूक शहराच्या दुसऱ्या टोकाला झाली, कचऱ्याच्या गाड्या आत किती आल्या आणि बाहेर किती गेल्या ते मोजायला. हजेरी आठची. चौकशी संपेपर्यंत घर सोडायची गरज नव्हती, पण पंपाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि यंत्राला हात लावायचा नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. पत्र मामानं दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

गुरुवारी सकाळी पावणेसातला नवं मीटर घेऊन वायरमन आला. चांगला पोट सुटलेला, वयानं मामाच्याच बरोबरीचा, त्या भागात नवखा. त्यानं दिव्यांच्या पेटीतली जुनी वायर कापली, मीटर ठोकलं, जोडलं. तोवर सात वाजले. दोन दिवस वेळेवर येणारा नवा पंपचालक आज अजून उगवला नव्हता. झाकणाभोवती ओल दिसायला लागली.

वायरमन दारातून बाहेर आला. “मीटर झालं. पंप कोण लावणार?”

मामा दाराबाहेर, उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर उभा होता. अंगात कामावर जायचे कपडे. हात पाठीमागं बांधलेले.

“तुम्ही लावा,” तो म्हणाला.

“मी? मला काय ठाऊक यातलं? तुम्हीच लावायचात ना इतकी वर्षं?”

“मला मनाई आहे. पत्र आहे खिशात.”

वायरमननं रस्त्याकडे बघितलं. फेस वर येत होता. तो आत गेला. “कुठलं बटण?”

“आधी व्हॉल्व्ह. डावीकडचा. अहो, ते डावं नव्हे, तुमचं डावं! पूर्ण फिरवू नका, तीन फेरे आणि अर्धा.”

“अर्धा कशाला?”

“तो रुसतो नाही तर. आता हिरवं बटण. एकदाच नीट दाबायचं. टकटक करायचं नाही, दारावर आल्यासारखं.”

वायरमननं दाबलं. पंप खोकला आणि गप्प झाला.

“सोडा,” मामा म्हणाला. त्याची बोटं पाठीमागं एकमेकांत गच्च अडकली होती. “दहा मोजा. हां. परत.”

दुसऱ्यांदा पंप धडधडला. नव्या मीटरवरचा लाल ठिपका लुकलुकायला लागला. वायरमन वाकून बघायला लागला आणि त्यानं पहिला आकडा मोठ्यानं वाचला. मामानं आत डोकावून बघितलं नाही. त्याला आवाजावरून कळत होतं.

मागून मामी ओरडली, “आठला हजेरी आहे. बस निघून जाईल!”

“निघालो,” मामा म्हणाला, आणि वायरमनला नऊला बंद करायचं कसं ते सांगायला लागला.